कालच्या माश्या

“थोबेला, थाकाडू!”

“थोबेला, थोबेला.”

माझे सासरे सकाळी सायकल घेऊन बाहेर पडले की आमच्या दारापासून सार्वजनिक नळापर्यंत हा असा नमस्कार चालायचा. आमच्या गा-मासेलोआ गावात वडीलधाऱ्या माणसाला नुसतं नावानं हाक मारणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावण्यासारखं. मानानं बोलायचं तर त्याच्या कुळाच्या जनावराचं नाव घ्यायचं. शेजारचे म्हातारे साळिंदर, दुकानवाली बाई मगर, शाळेचे हेडमास्तर हत्ती. आणि आमचं घर थाकाडू. डुकराएवढं धूड, गाढवाचे कान, नळकांड्यासारखं तोंड आणि पुढच्या पायांना कुदळीसारखी चार-चार नखं. रात्री वाळवी खायची, दिवसा बिळात झोपायचं.

“हत्ती वाटून झाले, सिंह वाटून झाले, शेवटी आपला पणजोबा उशिरा पोचला,” असं राखादी म्हणायच्या. राखादी म्हणजे सासऱ्यांची थोरली बहीण. आमच्याकडे घरातलं कुठलंही कार्य वडिलांच्या बहिणीशिवाय होत नाही. बारसं असो की मयत, पहिला शब्द तिचा.

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा एक गोष्ट लगेच माझ्या डोळ्यांत भरली. थाकाडू म्हणून हाक आली की सासरे खाली बघून उत्तर द्यायचे, आणि घाईनं, जसं कुणी गरम भांडं हातातून खाली ठेवावं. मला वाटलं, लाजाळू माणूस आहे. दोन वर्षं मी तेच धरून चालले होते.

त्यांचं नाव मालेसेला. एकोणिसाव्या वर्षी गावाच्या कडेच्या शिकारी फार्मवर कुंपणवाला म्हणून लागले. तिथं लांबलांबून पैसेवाले लोक हरणं मारायला येतात, आणि हरणं बाहेर जाऊ नयेत, बाहेरचं काही आत येऊ नये म्हणून चौदा किलोमीटरचं तारेचं कुंपण. ते चालायचं, तुटलेली तार पिळायची, खालून कुणी बीळ पाडलं असेल तर बुजवायचं. अडतीस वर्षं हेच. कमरेला पक्कड, पायात टायरच्या रबराच्या चपला. त्यांच्या डाव्या खांद्यावरचं कातडं दगडांच्या पोत्यानं इतकं राठ झालं होतं की माझा नवरा तुमिशो लहानपणी त्यावर पेन्सिलीनं पाढे लिहायचा म्हणे.

कुंपणाखालून बीळ पाडणारा मुख्य गुन्हेगार कोण? थाकाडू. एका रात्रीत माणूस मावेल एवढं भोक. मग त्यातून रानडुकरं जातात, कोल्हे येतात, साळिंदरं संसार थाटतात. म्हणजे थाकाडूच्या कुळातला माणूस थाकाडूची घरं मोडायच्या कामावर. गावाला याहून मोठी करमणूक काय हवी?

“काय थाकाडू, आज कुठल्या भावाला बेघर केलंत?” साळिंदरम्हातारे रोज विचारायचे.

“रिकामी घरं मोडतो हो. भरल्या घराला हात लावत नाही.”

“तुम्हाला काय कळतं भरलं की रिकामं? दार वाजवता?”

“माश्यांना विचारतो.”

हा त्यांचा नियम होता, त्यांच्या वडिलांनी घालून दिलेला. बिळाच्या तोंडाशी माश्या घोंघावत असतील तर आत तो झोपलाय. त्याच्या अंगाच्या वासावर माश्या येतात. मग थांबायचं. दोन दिवस, चार दिवस. थाकाडू एका घरात फार राहत नाही, निघून जातो. तोंडावर कोळ्याचं जाळं धरलं की समजायचं, घर रिकामं. मग भरायचे दगड. माशी असेल तर थांब, जाळं असेल तर भर. मुकादम ओरडायचा, “एका भोकाला चार दिवस?” सासरे म्हणायचे, “चार दिवस तुमचे, भाऊ माझा.” मुकादम कपाळावर हात मारून घ्यायचा, पण अडतीस वर्षांत त्यांना कुणी हलवलं नाही. चौदा किलोमीटर रोज चालणारा दुसरा मिळायला हवा ना.

आता काकडीचं सांगते, कारण सगळं तिच्यावरच येऊन अडलं.

थाकाडूच्या बिळांच्या आसपास एक वेल उगवतो. तिथंच, बाकी रानात शोधून सापडायचा नाही. पिवळं फूल वर फुलतं, पण फळ धरलं की देठ मान खाली घालून जमिनीत शिरतो, भुईमुगासारखा, आणि हातभर खोल जाऊन काकडी धरते. गोल, मुठीएवढी. साल अशी चिवट की महिनोन्महिने सडत नाही, फुटत नाही, आणि बंद आहे तोवर उगवतही नाही. थंडीच्या दिवसांत पाण्याचा थेंब नसतो तेव्हा थाकाडू वासावर येतो, उकरतो आणि रसासाठी ती खातो. त्यातली बी त्याच्या पोटातून जाते. आणि हा इतका नीटनेटका की खड्डा करून लेंड्या टाकतो, वर माती लोटतो. झाली पेरणी. राखादी मला म्हणाल्या होत्या, “नांगर त्याचा, खत त्याचं, बी त्याच्या पोटात. तिच्याशिवाय त्याचा हिवाळा कोरडा, आणि त्याच्याशिवाय ती जमिनीत जिवंत पुरलेली. असं लग्न असावं, माकोती.” माकोती म्हणजे सूनबाई.

आमच्या घरात मूल जन्मलं की त्याच्या ओठांना पहिलं पाणी या काकडीचं लावतात. राखादी लावतात. आणि ते लावेपर्यंत आई-मूल झोपडीबाहेर पडत नाहीत. पण काकडी माणसानं खणलेली चालत नाही. थाकाडूनं उकरून अर्धी खाऊन टाकलेली हवी. त्याचं उष्टं. “थोरल्या भावाच्या ताटातला घास,” असं म्हणतात. तुमिशोला लावलं होतं, सासऱ्यांना लावलं होतं, त्यांच्या आजोबांना लावलं होतं. काही अवघड नव्हतं त्यात. हिवाळ्यात कुंपणाच्या कडेला अशी उष्टी पाच-दहा तरी पडलेली असायची.

माझं लग्न दुष्काळाच्या वर्षी झालं, सप्टेंबरात. मी वऱ्हाडाबरोबर नाचत अंगणात आले तेव्हा सासरे रांगेत नव्हते. अर्ध्या तासानं आले. नवा कोट, पण हाताची नखं फुटलेली, बोटांवर सिमेंटसारखी पांढरी धूळ. मला आशीर्वाद द्यायच्या आधी बादलीत हात धुतले. मग पुन्हा धुतले. साळिंदरम्हातारे ओरडले, “अहो थाकाडू, सून आणलीय, ऑपरेशन नाही करायचं!” सगळे हसले. मी पण हसले. तोंडावरच्या कापडाआडून.

लग्नानंतरचा पाऊस चांगला झाला; आमच्याकडे पाऊस डिसेंबर-जानेवारीत पडतो आणि थंडी जून-जुलैत. जानेवारीत एके दिवशी सासरे मला मुद्दाम कुंपणावर घेऊन गेले. लेडवूडच्या मोठ्या वाळक्या झाडापाशी त्यांनी बोटानं मोजून दाखवलं, “हा एक, हा दोन... बघ माकोती, अकरा वेल! अकरा!” इतके खूश की एखाद्याला मूल झालं असावं. मी म्हटलं, “ताते, दरवर्षी येतात ना हे?” तर म्हणाले, “येतात. येतातच. काही झालं तरी येतात.” ते मला सांगत नव्हते, असं आता वाटतं.

त्याच्या पुढच्या वर्षीही पाऊस चांगला झाला. वेल आला नाही. एकही नाही.

त्या वर्षी मी गरोदर होते. सासरे रोज घरी आले की चपला काढता काढता सासूबाई विचारायच्या, “आला का वेल?” आणि ते म्हणायचे, “उशीर आहे.” फेब्रुवारीत उशीर होता, मार्चमध्ये उशीर होता. एप्रिलमध्ये सासूबाई म्हणाल्या, “आता उशीर कसला, आता थंडी.” सासरे ताटातली लापशी न संपवता उठले.

जुलैत पुलेंग झाली. आणि तिसऱ्या दिवशी राखादी आल्या, टॅक्सीतून, मांडीवर कोंबडी आणि काखेत घोंगडं.

“कुठाय माझी आजीबाई?” त्या झोपडीच्या दारातूनच ओरडल्या. आत येऊन पुलेंगला उचललं, कान ओढून बघितले. “कान लांब आहेत. आपलीच आहे.” मग बाहेर तोंड करून, “थाकाडू! काकडी कुठाय?”

सासरे अंगणात पक्कड घासत बसले होते. “आणतो.”

“आणतो म्हणजे? पोर तीन दिवसांची झाली.”

“यंदा कमी आहेत.”

“कमी म्हणजे किती?”

“कमी.”

“एक तरी असेल ना? की तुझा भाऊ यंदा सगळी चाटूनपुसून खातोय?”

“उद्या आणतो, आऊसी.” आऊसी म्हणजे ताई.

उद्या आलं, गेलं. परवा म्हणाले, फार्मवर पाहुणे आहेत, तिकडच्या कोपऱ्यात जाऊ देत नाहीत. तेरवा म्हणाले, सायकल पंक्चर. मी झोपडीत बसून बसून भिंतीवरच्या मुंग्या मोजत होते. पाठ मोडायची वेळ आली होती, ऊन बघायला मिळत नव्हतं. राखादी दाराशी चटईवर बसून तमाखू ओढता ओढता बोलत राहायच्या, “माकोती, तुझे सासरे अडतीस वर्षं त्या कुंपणावर झोपतात की काय? आमच्या वडिलांनी तुमिशोची काकडी मूल रडायच्या आत आणली होती.”

सहाव्या दिवशी दुपारी सासरे आले. हातात काकडी. अर्धी खाल्लेली, एका बाजूला साल फाटलेली, आणि सालीवर चार नखांचे ओरखडे.

माझा जीव भांड्यात पडला. एवढ्यात माझी नजर दाराशी ठेवलेल्या ताटांच्या टोपलीकडे गेली. माझ्या लग्नात आईनं सहा काटे-चमचे दिले होते. सकाळी मी टोपलीत पाच काटे पाहिले होते. आता सहावा परत आला होता, आणि त्याचे दात किंचित वाकलेले होते, मधल्या फटीत ओली माती. मला कळलं. सांगते ते खोटं नाही, मला त्याच क्षणी कळलं. मी काय केलं? काटा पाण्यात बुचकळला, पदरानं पुसला आणि परत ठेवला. मला बाहेर पडायचं होतं. मला ऊन हवं होतं.

राखादींनी काकडी हातात घेतली. उजेडात धरली. नाकाशी नेली. मग फार हळू म्हणाल्या,

“हा थाकाडू शाळेत जातो का रे?”

“काय?”

“नाही, रेघा फार सरळ मारल्यात म्हणून विचारलं. पट्टी लावल्यासारख्या. आणि चाटायला जीभ नव्हती वाटतं याला? गर चमच्यानं काढल्यागत दिसतोय.”

राखादींनी काकडी उलटी केली.

“ही यंदाची नाही. साल करपलीय. गेल्या साली कुणी उकरली नाही ती ही. बरोबर? तू फावड्यानं काढलीस.” त्यांनी काकडी चटईवर ठेवली, अलगद, जशी झोपलेल्या मुलाला ठेवतात. “अकरा वेल होते म्हणे गेल्या साली. अकरा वेलांच्या काकड्या जमिनीतच का राहिल्या, भावा? खाणारा कुठे गेला?”

मी झोपडीच्या दाराआड, पुलेंग छातीशी. सासरे अंगणात खाली बसले. खुर्ची होती, तरी जमिनीवर.

“आत होता,” ते म्हणाले.

“कुठे आत?”

“लेडवूडच्या झाडापाशी. ज्याचा डावा कान फाटलेला होता, तो. मी बुजवलं.”

“जाळं नव्हतं?”

“नाही.”

“माश्या?”

कोंबडी अंगणात मातीत आंघोळ करत होती.

“होत्या,” सासरे म्हणाले. “होत्या, आऊसी. सात-आठ. मी पाहिल्या. त्या दिवशी मुकादम म्हणाला, सगळी भोकं भर आणि मग जा लग्नाला. उद्या पाहुणे येणार, एक रानडुक्कर बाहेर गेलं तर परत येऊ नकोस. एकोणीस भरली. हे शेवटचं. वरात निघाल्याचा ढोल ऐकू येत होता. गावातून. मी माश्यांकडे पाहिलं आणि स्वतःला म्हटलं, या कालच्या माश्या आहेत.”

“कालच्या.”

“तो काल होता, आज गेला, माश्या अजून रेंगाळतायत. असं म्हटलं. असं कधी नसतं. मला ठाऊक आहे असं नसतं. ऊन चढायच्या आत माश्या नव्या वासावर जातात. अडतीस वर्षांत मी कधी कालची माशी पाहिलेली नाही.” ते हसल्यासारखं करायला गेले. “दगड भरले. वर जाळी ठोकली, लोखंडी. खुंट्या मारून.”

“त्यानं उकरलं असतं,” राखादी म्हणाल्या. आवाज आता बारीक झाला होता. “तो दगडातून जातो. तो रस्त्यातून जातो.”

“दुष्काळ होता. आठवड्याभरापूर्वी मी त्याला भर दुपारी पाहिलं होतं. उन्हात. बरगड्या मोजता येत होत्या. वाळवीच नव्हती कुठे. तो माझ्यापासून इथून त्या चुलीएवढ्या अंतरावर काकडी उकरत होता आणि मध्ये मध्ये थांबत होता. धाप लागल्यासारखा. त्याच्या अंगात दगड लोटण्याएवढं नव्हतं. हेही मला ठाऊक होतं.”

“मग?”

“लग्नानंतर पाच दिवसांनी गेलो. माश्या होत्या. जाळीवर बसलेल्या, जाळी काळी पडली होती इतक्या. हिरव्या माश्या, आऊसी. निळ्या-हिरव्या.”

दाराआड मी उभी होते आणि मला माझी वरात ऐकू येत होती. तो ढोल. तो माझ्यासाठीच होता. माझ्या मावशा गळा फुटेस्तोवर आरोळ्या देत होत्या आणि नवरी लाजत होती.

“गेल्या साली अकरा वेल आले,” सासरे म्हणत होते, “तेव्हा मला वाटलं, बघा, काही झालं नाही. रान चाललंय. ते वेल त्याच्याच लेंड्यांतले होते. मरायच्या आधी पुरलेल्या. मी मेलेल्याची पेरणी बघून नाचत होतो.”

राखादींनी तमाखूची डबी उघडली, बंद केली. मला वाटलं आता ओरडतील. मला ते हवं होतं, ओरडणं संपतं. त्या उठल्या, आत आल्या, माझ्या हातातून पुलेंगला घेतलं आणि सरळ बाहेर उन्हात नेलं. ओठांना काही न लावता. अंगणाच्या मध्यभागी उभं राहून तिला सूर्याकडे धरलं.

“ही पुलेंग,” त्या म्हणाल्या. “हिचं पहिलं पाणी राहिलंय. राहू दे. खोटं उष्टं हिच्या तोंडाला लागणार नाही.” मग मला, “बाहेर ये, माकोती. तुझी काय चूक.”

मी बाहेर आले. ऊन डोळ्यांत भरलं. काट्याचं मी तेव्हा बोलले नाही. आजपर्यंत त्यांना बोललेले नाही.

जाताना टॅक्सीत बसल्यावर राखादींनी काचेतून भावाकडे पाहिलं. नेहमी म्हणायच्या, “थांब बरं, थाकाडू.” या वेळी म्हणाल्या, “येते, मालेसेला.”

बस, एवढंच. टॅक्सीवाल्याच्याही लक्षात आलं. त्यानं मान वळवून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी नळावर साळिंदरम्हाताऱ्यांनी हाक मारली, “थोबेला, थाकाडू!” सासऱ्यांनी सायकल थांबवली.

“मालेसेला म्हणा.”

“आं?”

“नावानं बोलवा. मालेसेला.”

“का हो? कुठल्या नव्या चर्चमध्ये गेलात की काय? तिकडे नावं पण काढून घेतात?”

“नावच ठेवलंय फक्त. तेच म्हणा.”

म्हाताऱ्यांना ते जमेना. वाईट सवय लागते तशी चांगलीही लागते, ते “थाका...” म्हणून अडखळायचे आणि मग “सेला” जोडायचे. महिनाभर पोरं त्यांना थाकासेला म्हणत होती. कारण कुणालाच माहीत नव्हतं. राखादींनी बाहेर एक अक्षर काढलं नाही, आणि सासऱ्यांना विचारायची कुणाची छाती नव्हती. लोकांनी आपापली कारणं लावली. डोकं फिरलं, दारू सोडली म्हणून, दारू धरली म्हणून.

पुलेंग दोन महिन्यांची झाल्यावर मी तिला पाठीला बांधून त्यांच्याबरोबर लेडवूडच्या झाडापाशी गेले. त्यांनी बोलावलं नव्हतं. मीच मागे चालत राहिले, त्यांनी हाकललं नाही. त्यांनी जाळीच्या खुंट्या उपटल्या. दगड एकेक करून काढले, पुढ्यात रांगेनं मांडले. मी मोजत नव्हते, पण ते मोजत होते, ओठ हलत होते. आत, हात लांब करावा लागेल एवढ्या अंतरावर, हाडं. पुढचे पंजे दगडांच्या दिशेनं. एका दगडावर पांढरे ओरखडे होते. चार. वेडेवाकडे, एकमेकांत गेलेले.

त्या ओरखड्यांवरून त्यांनी बोट फिरवलं. मग हाडं तशीच ठेवून बिळाचा तेवढा भाग माती लोटून झाकला. हातांनी.

त्या खोट्या काकडीतली बी त्यांनी जपून ठेवली होती. रानात जुन्या, वाळून दगड झालेल्या लेंड्या शोधायला ते आठवडाभर हिंडले, पोत्यात भरून आणल्या. सासूबाई म्हणाल्या, “घरात आणू नका ते.” मग अंगणात भिजवल्या. त्यात बी कालवून, खड्डे करून पुरल्या, वर माती लोटली. फावडं घेतलं नाही. नखांनी. मी विचारलं, “ताते, फावड्यानं केलं तर उगवणार नाही का?”

“उगवेल की.”

“मग?”

“फावड्यानं करायचं असतं तर मग तो कशाला हवा होता?”

डिसेंबरात तीन वेल आले. मुकादमाला त्यांनी सांगितलं, या झाडापाशी मी दगड भरणार नाही. मुकादम म्हणाला, मग कोण भरणार, तुझी सून? त्यांनी एक जुनं टायर आणलं, बिळाच्या जागी कुंपणाच्या तळाशी उभं पुरलं, म्हणजे थाकाडू त्यातून सरपटत जाईल, हरिण जाणार नाही. मुकादम चिडला, चार दिवसांत उपट म्हणाला. ते उपटायला चौदा किलोमीटर चालत यायला लागलं असतं. टायर राहिलं.

काकड्या मात्र जमिनीतच राहत होत्या. खाणारा नव्हता. मग दर हिवाळ्यात सासरे एकच काकडी उकरायचे, बी काढायचे, लेंड्यांत कालवून पुरायचे. लेंड्या संपत आल्या होत्या. वेल कमी होत चालले होते. तीन, मग दोन, मग दोन. मी एकदा म्हटलं, “ताते, एका काकडीचं पाणी पुलेंगला लावूया ना. राखादींना नाही सांगायचं.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. टोपलीतल्या काट्याबद्दल त्यांना ठाऊक होतं, हे मला तेव्हा कळलं. “तू तो धुतलास,” ते म्हणाले, “मी तुला कधी बोललो नाही. आता तूही मला असं काही बोलू नकोस.”

पुलेंग चार वर्षांची होत आली तेव्हाची गोष्ट. जून महिना, सकाळचे नऊ. सासरे कामावर गेलेले परत आले, सायकल ढकलत, चाकात हवा असूनसुद्धा. अंगणात उभे राहिले. मला वाटलं अंगात ताप आहे.

“आऊसीला बोलाव,” ते म्हणाले.

राखादी तेव्हा आमच्याच घरी होत्या, सासूबाईंच्या गुडघ्यांना औषध लावायला आलेल्या. चार वर्षांत त्या भावाशी बोलत होत्या, भांडत होत्या, जेवायला वाढत होत्या. फक्त ती हाक नव्हती.

“काय झालं, मालेसेला?”

“चल.”

“कुठे?”

“चल ना.”

राखादी काठी टेकत, मी मागे, पुलेंग माझं बोट धरून. पाऊण तास लागला. लेडवूडच्या झाडापाशी टायरच्या पलीकडे ताजी माती उपसलेली होती. लाल, ओली. जुन्या बिळाच्या शेजारी, हाडांना टाळून, नवं बीळ. आणि तोंडाशी माश्या. सहा, सात. घोंघावत, आत जात, बाहेर येत.

सासरे टायरच्या अलीकडेच थांबले. पुढे गेले नाहीत.

राखादींनी माश्यांकडे पाहिलं. मग भावाकडे.

“कालच्या की आजच्या?”

सासरे जमिनीवर बसले, पाय पसरून, पाठ खांबाला टेकून. पक्कड कमरेची काढून बाजूला ठेवली. “बसू,” ते म्हणाले. “बघू.”

“दिवसभर?”

“दिवसभर. उद्यासुद्धा.”

पुलेंग म्हणाली, “आत कोण आहे? मी हात घालू?” मी तिला मागे ओढलं.

राखादी काठीवर भार देऊन, गुडघे मोडत, बिळासमोर खाली वाकल्या. मोठ्या माणसापुढे वाकतात तशा, दोन्ही हात जोडून, डोळे खाली.

“थोबेला, थाकाडू,” त्या बिळात बोलल्या.

आयुष्यभराची सवय. माझ्या सासऱ्यांचे ओठ हलले. मी पाहिलं, हलले. मग त्यांनी हाताचा पंजा तोंडावर घट्ट धरला आणि तसाच ठेवला.

माश्या आत गेल्या, बाहेर आल्या.